तेलातलं लोखंड आणि ते सात महिने

श्री,

उद्या तुझं तेरावं. ईलिंगची मंडळी येणार आहेत, तुझ्या गॅरेजमधले चौघेजण येणार आहेत, आणि नाना तर परवाच पुण्याहून येऊन पोचलेत. तुझा थोरला भाऊ विमानतळावर तुझ्याचसारखा एक खांदा उतरता ठेवून चालत आला. मला क्षणभर वाटलं तूच आलास, आणि मी तिथेच सगळ्यांसमोर रडले.

काल जेवताना नानांनी विचारलं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "पद्मा, घरात डॉक्टर असताना हे आधी कळलं कसं नाही गं?" मी वरण वाढता वाढता म्हणाले, "निदान व्हायच्या चार आठवडे आधीपर्यंत त्याला काहीच त्रास नव्हता, नाना. हा आजार असाच असतो." केतकी समोर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, अर्धं जेवलेलं ताट उचललं आणि वर निघून गेली.

चार आठवडे हे खोटं आहे. ते पहिल्यांदा तू बोललास, माझ्यासाठी, आणि मी ते तसंच राहू दिलं. आता तर मी स्वतःच बोलायला लागलेय. उद्या माणसं येतील, "बिचारीला वेळच मिळाला नाही" म्हणतील आणि मी मान हलवत बसेन, हे माझ्याच्याने होणार नाही. त्याआधी निदान नानांना आणि केतकीला खरं सांगायला हवं, आणि मला भीती वाटते. म्हणून आधी तुलाच सांगून बघते. मी बोलायचं आणि तू ऐकायचं, याची आपल्याला सवय आहे.

तुझ्या मॅग्नेटांपासून सुरुवात करावी लागेल, हसू नकोस.

आपण लंडनजवळ स्लाऊला आलो ते माझ्या नोकरीमुळे. मी हॉस्पिटलात रक्ततपासणीच्या विभागात डॉक्टर, आणि तू पुण्याचा ऑटोमोबाइलचा डिप्लोमा घेऊन बसच्या गॅरेजमध्ये फिटर. गणपतीच्या कार्यक्रमात लोक मला डॉक्टर डॉक्टर करायचे आणि मग तुझ्याकडे वळून जरा आवाज खाली आणून विचारायचे, "आणि तुम्ही काय करता?" तू अजिबात न अडखळता म्हणायचास, "तेच. रक्त तपासतो. बसचं." समोरच्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. मला मात्र दर वेळी हसू यायचं. तुझ्या आईंसमोर तुला "अहो" म्हणतानाही मला असंच हसू यायचं आणि तू मुद्दाम जास्त गंभीर चेहरा करायचास.

इंजिन चालताना आतले लोखंडाचे भाग एकमेकांवर घासतात आणि त्यांचा कीस तेलात उतरतो. फिल्टर त्यातले मोठे कण अडवतो, पण पिठासारखा बारीक कीस तेलाबरोबर फिरत राहतो आणि पॉलिश पेपरसारखा सगळं आतून झिजवत सुटतो. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की आता मी झोपेतही सांगेन. त्या बारीक किसासाठी तुझी मॅग्नेटं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत दर रविवारी सकाळी आपण कार बूट सेलला जायचो, लोक गाड्यांच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकायचे तिथे. लोक क्रॉकरी बघायचे, आणि तू फुटके स्पीकर. मागच्या बागेत बसून छिन्नीने त्यांच्यातली चुंबकाची जाड चकती सुटी करायचास आणि पत्र्याच्या पट्टीने फिल्टरला बाहेरून आवळून बसवायचास. तेल काढायच्या बुचाला आतून एक छोटं मॅग्नेट लावायचास ते वेगळंच.

आणि ती कार्डं. तेल बदललं की बुचाला चिकटलेला काळा लेप तू पांढऱ्या कार्डावर पुसायचास आणि खाली बसचा नंबर लिहायचास. मऊ लोण्यासारखा लेप आला तर इंजिन ठणठणीत. बोटाला टोचणारे कण आले तर आत काहीतरी फुटायला लागलंय. तुझा फोरमन ब्रायन म्हणायचा, "ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी फिल्टर दिलाय. त्यांना कळत नाही आणि तुला कळतं?" तू म्हणायचास, "त्यांना कळतं की नाही तेच बघतोय." कुणाच्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणं तुझ्या स्वभावातच नव्हतं. दूधवाला आजचंच दूध आहे म्हणाला तरी तू झाकण काढून वास घ्यायचास. माझं डोकं फिरायचं.

मग त्या एका बसचं कार्ड आलं. सुयांसारखे चमकणारे तुकडे. तू ब्रायनला म्हणालास, ही गाडी बाहेर काढू नकोस. त्याने काढली. तिसऱ्या दिवशी विंडसरच्या रस्त्यावर तिचं इंजिन जागच्या जागी बसलं आणि उतारू उतरून चालत गेले. दुसऱ्या दिवशी ब्रायन तुझ्याजवळ आला आणि गॅरेजमधल्या सगळ्या बसगाड्यांची जादाची बुचं एका ट्रेमध्ये घालून, मॅग्नेट बसवायला, तुझ्या टेबलावर ठेवून गेला. त्या संध्याकाळी तू घरी येऊन बूटही न काढता मला ते सांगितलंस. तुझ्या तोंडावरचा तो आनंद मी नंतर केतकी जन्मली तेव्हाच पुन्हा पाहिला.

इतका आनंद मला बघवला नाही बहुतेक. मी पोळ्या लाटत होते आणि म्हणाले, "पण तुझं मॅग्नेट फक्त लोखंडच पकडतं ना?"

"हो."

"मग बेअरिंगचं काय? त्याच्यावर पांढऱ्या धातूचा थर असतो, तो चुंबकाला चिकटत नाही, असं तूच सांगितलंस."

"बेअरिंग गेलं की शाफ्ट घासायला लागतो. मग लोखंड येतंच."

"म्हणजे उशीर झाल्यावर."

तू गप्प झालास. इंजिनाच्या विषयात मी तुला गप्प केलं याचा मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्येही सांगितलं. दोन दिवसांनी तू आपणहून उत्तर दिलंस. "त्याला मॅग्नेट नाही, पद्मे. तिथे कान लावायचा." लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावून तू डोळे मिटून उभा राहायचास, ते मी गॅरेजमध्ये पाहिलं होतं. तरी मी तुला सोडलं नाही. म्हणाले, म्हणजे शेवटी डॉक्टरकीच. पुढे कित्येक वर्षं, तू मॅग्नेटचं काही सांगायला लागलास की मी "आणि बेअरिंग?" म्हणायचे, आणि तू "कान" म्हणायचास. हे भांडण मिटलंच नाही.

दुसरं एक भांडण मात्र मला मिटवायचं होतं, आणि ते राहून गेलं. आईंच्या कॅसेटचं. त्यांना पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून त्या पुण्याहून कॅसेट भरून पाठवायच्या. तू एकदा मॅग्नेटांची पिशवी नेमकी त्या कॅसेटवर ठेवलीस, दोन दिवस. नंतर लावली तर मधला सगळा भाग नुसता खरखर. भाजणीचं प्रमाण गेलं, केतकीसाठी म्हटलेलं गाणं गेलं. मी छोट्या केतकीसमोर तुला म्हणाले, "तुला इंजिनं दिसतात, माणसं दिसत नाहीत." तू उठलास, कोट घातलास, कोपऱ्यावरच्या फोनच्या खोक्यात गेलास, कारण आपला फोन तेव्हा बंद होता, आणि पुण्याला फोन लावून म्हणालास, "आई, तुझा आवाज माझ्या हातून पुसला गेला. माझी चूक आहे." आई हसल्या म्हणे. नवी कॅसेट आली, तिच्यात निम्म्या बाजूभर तुला बोलणी होती आणि ती तू सगळ्यांना कौतुकाने ऐकवायचास.

तुला चूक कबूल करायला पंधरा मिनिटं लागली. मी अजून करतेय. आणि ते वाक्य मी परत घेते, श्री. माणसं दिसत नव्हती ती मला.

माझी गाडी इतक्या वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. थंडीत मी खाली उतरायच्या आधी तू तिची काच खरवडून, इंजिन गरम करून ठेवायचास आणि स्वतः सायकलवर जायचास. मी कधी थँक यू म्हटलं असेन असं वाटत नाही. गाडीच्या काचेवर बर्फ असतो, हे मला केतकी तिच्या मैत्रिणींना सांगत होती त्यावरून कळलं.

आता ते सांगते.

गेल्या दिवाळीत तू चकलीला हात लावला नाहीस. म्हणालास, "पोटात दुखतं गं. आतून, थेट पाठीपर्यंत जातं." मी म्हणाले, आयुष्यभर बसखाली वाकून काम केलंस, पाठ दुखणार नाही तर काय. तू दुसऱ्यांदा म्हणालास तेव्हा मी स्वयंपाकघरात तुझ्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढलं. आपल्या लोकांची ही पद्धतच. घरात डॉक्टर आहे तर जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, जाऊन रांगेत कशाला बसायचं? ईलिंगची निम्मी मंडळी आपल्या हॉलमध्ये बाही वर करून बसलेली तू पाहिली आहेस. तुला चहा करायला लागायचा म्हणून कुरकुरायचासही. मग तूही तसाच बसलास, खुर्चीवर, बाही वर करून.

सगळं उत्तम आलं. हिमोग्लोबिन उत्तम, लोह उत्तम, पेशी जिथल्या तिथे. मी तो कागद तुझ्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाले, "बघ, इंजिन ठणठणीत. तेल कमी खा." तू कागद घडी करून खिशात ठेवलास.

मीही लोखंडच मोजलं, श्री. स्वादुपिंडात काय चाललंय ते त्या तपासणीत दिसत नाही, हे मला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याने हीच लक्षणं सांगितली असती तर मी त्याच आठवड्यात त्याला स्कॅनला पाठवलं असतं. मार्चमध्ये तू कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवं भोक पाडलंस, ते मी पाहिलं. पोटाशी उशी धरून सोफ्यावर बसायला लागलास, तेही पाहिलं. मला वाटलं, माझं तपासून झालंय. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे माझं पहिलं उत्तर चुकलं असं म्हणणं, आणि मला चुकायची सवय नाही. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. मी सुटले असं समजत होते.

जूनमध्ये ब्रायनने तुला गॅरेजच्या दारात उजेडात उभं केलं आणि म्हणाला, "तुझे डोळे पिवळे झालेत." स्वतःच्या गाडीत घालून त्याने तुला कॅज्युअल्टीत आणलं आणि मला लॅबमधून खाली बोलावून घेतलं. ज्या माणसाने इतकी वर्षं तुझी कार्डं नाक मुरडत पाहिली त्याने तुझे डोळे बघितले. मी रोज तुझ्यासमोर बसून चहा पीत होते.

तरुण डॉक्टर होता, दमलेला. त्याने विचारलं, दुखणं कधीपासून? मी तुझ्या पायाशी उभी होते. तू त्याच्याकडे बघून म्हणालास, "फोर वीक्स, डॉक्टर." त्याने लिहून घेतलं. माझ्याकडे तू पाहिलंसुद्धा नाहीस. मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं की नाही, दिवाळीपासून, आणि मला माहीत होतं. मी तुझी चादर सारखी केली.

तो गेल्यावर मी विचारलं, "असं का सांगितलंस?" तू म्हणालास, "तुला उद्या इथेच काम करायचंय. ही सगळी तुझ्या ओळखीची माणसं." आणि लगेच, "पाणी दे जरा." तू एकदा विषय संपवलास की संपवलास. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे आणि ऑपरेशन होणार नाही हे कळलं त्या दिवशीही तू केतकीचा पेपर कसा गेला तेच विचारत होतास.

पुढचे नऊ आठवडे मी तुझी दाढी केली, तुला चमच्याने भात भरवला, उशिरा गोळी आणली म्हणून नर्सशी भांडले. फक्त एक वाक्य म्हणायचं राहिलं. रोज ते ओठापर्यंत यायचं. तुला त्रास नको म्हणून मी बोलत नाही असं मी स्वतःला सांगायचे. ते खरं नव्हतं. तू "बरोबर, तुझंच चुकलं" म्हणशील याची मला भीती नव्हती. तू "जाऊ दे" म्हणशील याची होती.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की आधी कळलं असतं तरी फारसा फरक पडला नसता. डॉक्टर म्हणून मला ते पटतं. पण तू सात महिने ते दुखणं एकट्याने काढलंस, ते एकटं काढावं लागलं नसतं. मी रोज शेजारी असून.

इथपर्यंत लिहून मी खाली गेले, श्री. तुला सांगता आलं म्हणजे त्यांनाही सांगता येईल असं वाटलं. नाना टेबलापाशी उद्यासाठी सुपारी फोडत होते, केतकी कप विसळत होती. मी म्हणाले, दोघंही जरा बसा. मग सांगितलं. चार आठवडे नव्हते, सात महिने होते, तो मला सांगत होता, मी रक्त तपासलं आणि पुढे काहीच केलं नाही. हॉस्पिटलमध्ये तो माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी बोलू दिलं.

नानांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "मला थोडा वेळ दे, पद्मा." आणि बागेत जाऊन उभे राहिले, पाठ करून. तो त्यांचा हक्क आहे.

केतकी बसूनच राहिली. आपली ती मोडकी मराठी ती हल्ली माझ्याशी फारशी बोलत नाही, पण आज बोलली. "आई, मला माहीत होता."

"काय माहीत होतं?"

"ख्रिसमसला. तू ऑन कॉल होतीस. बाबा किचनमध्ये खाली बसला होता, फ्लोअरवर, इतकं दुखत होतं. मी बोलली, जीपीला दाखव, आय'ल कम विथ यू. मी अपॉइंटमेंटपण घेतली, जानेवारीची."

"मग?"

"त्याने कॅन्सल केली. फोनवर मी ऐकली. मग मला बोलला, आईने बघितलंय ना, म्हणजे काही नाही." ती रडत नव्हती. मी रडावं म्हणून थांबल्यासारखी माझ्याकडे बघत होती. "मी त्याला बोलली, आईला परत सांग. तो बोलला, तिने एकदा सांगितलंय."

मी पुन्हा वर येऊन तुला हे लिहितेय. तू कंपनीशी भांडलास, फोरमनशी भांडलास, माझ्याशी तर बेअरिंगपासून मिठापर्यंत रोज भांडलास. मला चूक ठरवण्यात तुला किती मजा यायची, आणि मलाही यायची. तेवढ्या एका वेळी माझ्याशी भांडायचं होतंस, श्री.